मोफत तिकीट मिळालं, पण पायरीचं काय?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. एसटीत त्यांना मोफत प्रवास, मला अर्धं तिकीट. ‘पैसे द्यायचे नाहीत तर तिकीट कशाला?’ असं त्या म्हणतात. शिवाय आमच्या फाट्यावर साइडपट्टी खचली आहे. बसची पहिली पायरी त्यांच्या गुडघ्याच्या वर येते, त्यामुळे सवलत असूनही त्या घरीच बसतात. काय करावं?
– एक वाचक, ता. जत, जि. सांगली

उत्तर : ताई, आधी तिकिटाचं. सासूबाईंना तिकीट घ्यायलाच लावा. वाहकाच्या मशीनमधून त्यांच्यासाठी शून्य रकमेचं तिकीट निघतं. त्याच हिशेबावर महामंडळ राज्य सरकारकडे भाड्याची प्रतिपूर्ती मागतं. ७५ वर्षांवरच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आणि महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं भाडं, या दोन्ही सवलतींचे पैसे सरकारने भरायचे असतात. ते वेळेवर आले नाहीत की डिझेल, सुटे भाग, पगार, सगळीकडे ओढाताण होते. तिकीट फाडलंच नाही तर मागायचं तरी कशाच्या जोरावर? मी वाहक म्हणून नोकरी केली, त्यामुळे हे कळकळीने सांगतो. (सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. कर्नाटकात विजापूरकडे जाणार असाल तर हद्दीपुढचं भाडं पडेल.)

आता पायरीचं. बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्या बायका कशा चढायच्या ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. आधी गाठोडं आत सरकवायचं, मग दांडा धरायचा, एक गुडघा पायरीवर टेकवायचा आणि मागून कुणी हात दिला की दुसरा पाय. जिला हे जमत नाही ती फाट्यावर येणंच सोडते. तिचं तिकीट निघत नाही, म्हणून हिशेबातही ती दिसत नाही. सरकारी पैसा तिकिटामागे येतो. जिला चढताच आलं नाही तिच्यासाठी काहीच येत नाही. माझ्या मते या योजनेतली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. भाड्यासाठी तरतूद होते, तशीच ती थांब्यासाठी आणि कमी उंचीच्या बससाठीही व्हायला हवी. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या कलम ४१ नुसार बसथांबे आणि वाहनं सुगम करण्याची जबाबदारी सरकारचीच आहे.

सगळ्या बस बदलायची वाट बघू नका. फाट्यावर पायरीच्या उंचीला जुळेल असा ओटा, त्यावर चढायला उतार आणि धरायला लोखंडी दांडा, एवढं झालं तरी सासूबाई बसमध्ये चढतील. ग्रामपंचायतीला स्वनिधीतला, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातला, ५ टक्के खर्च दिव्यांगांसाठी करावा लागतो. ग्रामसभेत त्यातून ओट्याची मागणी मांडा आणि ठराव करून घ्या. रस्ता ज्या खात्याचा असेल त्याची परवानगी लागेल. ते काम ग्रामपंचायत अधिकाऱ्यांवर (पूर्वीचे ग्रामसेवक) सोपवा. गावात गुडघेदुखीचे, काठीचे, कुबडीचे आणखी किती जण आहेत त्यांची नावं जोडा. एकट्या घरचं गाऱ्हाणं म्हणून बाजूला पडायला नको.

ठरावाची प्रत घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटा. चालकाने बस ओट्याला लावूनच थांबवावी, अशी लेखी सूचना मागा. नाहीतर ओटा एकीकडे आणि बस चार हात पुढे, असं होतं. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या.