वजन तर बरोबर आहे, मग साखर कशी वाढली?

"जाड असतो तर समजलं असतं हो. सहासष्ट किलो वजन होतं माझं. मला कसली साखर?"

कोथरूडला राहणारे, हिंजवडीत नोकरी करणारे बेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ पत्नीला घेऊन आमच्याकडे आले, ते हा प्रश्न घेऊनच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) कंपनीच्या वार्षिक तपासणीत एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.० आली होती. ५.७ पासून ६.४ पर्यंत मधुमेहाची पूर्वपायरी धरतात. त्याच कागदावर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.८ होता आणि त्याच्यासमोर 'नॉर्मल' छापलेलं.

रिपोर्टला सहा आठवडे झाले होते आणि मधल्या काळात त्यांनी स्वतःच उपाय सुरू केले होते. रात्रीचं जेवण बंद, त्याऐवजी पपई-कलिंगडाचा मोठा बाऊल. सकाळी लिंबू-मध-पाणी. रोज वेताळ टेकडी. वजन ६२ वर आलं. पण दुपारी चारच्या सुमाराला गरगरायचं, टेकडीच्या चढावर मांड्या भरून यायच्या, आणि पत्नीच्या लक्षात आलेली गोष्ट तर फार नेमकी होती: "शर्टाची कॉलर सैल झाली, पँट मात्र होती तेवढीच घट्ट आहे."

कंबर किती, असं विचारल्यावर त्यांनी "चौतीस" सांगितलं. तो पँटचा नंबर. पँट पोटाच्या खाली बसते, त्यामुळे पोट कितीही पुढे आलं तरी तो नंबर तोच राहतो. टेप लावायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, कपड्यावरून नाही, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. तशी मोजली तेव्हा ९३ सेंमी भरली. भारतीय पुरुषांसाठी धोक्याची रेघ ९० ला आहे, बायकांसाठी ८० ला. त्यांची उंची १७०. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी, हा हिशोब लावला तर ८५ च्या आत.

या कोड्याचं उत्तर पुण्यातच, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात शोधलं गेलंय. तिथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात हीच ठेवण नवजात बाळांतही दिसली. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी, स्नायू कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच. काटा फक्त एकूण वजन सांगतो. त्यात स्नायू किती आणि चरबी किती, हे त्याला कळत नाही.

आता ते चार किलो गेले कुठे? पहिले एक-दोन किलो बहुधा पाण्याचे. शरीरात साठवलेली साखर, ग्लायकोजेन, आपल्या साधारण तिप्पट पाणी धरून असते. खाणं तुटलं की दोन्ही उतरतात. उरलेल्यात चरबी गेली, तसे स्नायूही गेले. प्रथिनं नाहीत आणि स्नायूंना ओझं नाही, अशा वेळी शरीर ते मोडून खातं. इथेच खरं नुकसान आहे, कारण जेवणानंतर रक्तातली साखर इन्सुलिनच्या जोरावर सर्वांत जास्त ओढून घेतात ते स्नायूच. साखर भरायचं कोठारच लहान करून साखर आटोक्यात कशी राहणार?

त्यांनी ऑनलाइन एक 'स्मार्ट' काटाही मागवला होता. सोमवारी चरबी २४ टक्के, बुधवारी २७, शनिवारी २३. त्यावरून घरात रोज ताण. असा काटा तळपायांतून बारीक वीज सोडतो. पाणी ती वाहू देतं, चरबी अडवते, आणि बाकी सगळं सूत्रानं काढलेलं अनुमान. पाणी प्यायलात, घाम आला, जेवण झालं की आकडा हलतो. शिवाय वीज मुख्यतः पायांतून जाते, पोटाचा अंदाज फारसा येतच नाही. तो काटा आम्ही माळ्यावर ठेवायला सांगितला. दर रविवारी सकाळी उठल्यावर, काही खाण्यापूर्वी टेप, एवढंच.

मग रिपोर्ट येण्यापूर्वीचं खाणं कागदावर मांडलं. सकाळी पोहे, डब्यात तीन पोळ्या आणि भाजी, रात्री आमटी-भात, दिवसभरात तीन चहा. पोटभर, साधं, घरचं. "वरण-आमटी रोज असते," असं पत्नी म्हणाल्या. डाळ किती घालता? "चौघांना अर्धी वाटी." म्हणजे ८० ग्रॅम, माणशी २० ग्रॅम, प्रथिनं जेमतेम ४. सगळा दिवस धरून बेरीज पस्तीसच्या आसपास येत होती. ६६ किलोच्या माणसाला रोजची किमान गरजच ५५ ग्रॅमची. स्नायू टिकवत पोट उतरवायचं तर ७० च्या आसपास हवीत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवायचा नाही. त्यांच्या तपासण्या ठीक होत्या.

बदल स्वयंपाकघरात बसणारेच केले. आमटीला माणशी ४० ग्रॅम डाळ, म्हणजे चमच्यावर थांबेल इतकी घट्ट. डब्यात तीनऐवजी दोन पोळ्या आणि वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ. पोह्यांबरोबर दोन अंडी. ज्या दिवशी अंडं नको त्या दिवशी मुगाचं धिरडं आणि दही. रात्रीचं जेवण परत सुरू, फक्त भात निम्मा, आणि आधी कोशिंबीर-उसळ, मग भात. फळ एका वेळी एकच, चावून. मध बंद, कारण शरीराच्या लेखी तीही साखरच.

टेकडी चालू ठेवली, पण आठवड्यातून तीनच दिवस. उरलेल्यांपैकी तीन दिवस दंड-बैठका. तालमींच्या गावात हे शिकवायला लागावं याचं वाईट वाटतं. पहिले दोन आठवडे खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं, असं तीनदा. दंड ओट्याला टेकून. मग पाठीवरच्या सॅकमध्ये पाच लिटर पाणी. शेवटची दोन आवर्तनं जड जायला हवीत, नाहीतर ओझं वाढवायचं. रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं सोसायटीतच फेऱ्या.

एक गोष्ट त्यांना पहिल्याच भेटीत विचारली होती, आणि ती प्रत्येकानं पाहावी. खूप तहान लागते का, रात्री लघवीला वारंवार उठावं लागतं का, खाणं कमी न करताही वजन घटतंय का? तसं असेल तर आहार बदलत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

चौदा आठवड्यांनी वजन ६३, म्हणजे एक किलोनं वाढलेलं. पहिल्या महिन्यात ते वाढताना पाहून ते घाबरले होते, फोनही आला. कंबर ८८ वर उतरली होती, एचबीए१सी ५.७. रेघेवरच आहे, त्यामुळे सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलं.

निघताना त्यांच्या पत्नीनं विचारलं, "सोमवारचा उपास सासूबाई सोडू देणार नाहीत. खिचडी चालेल ना?" साबुदाणा जवळजवळ नुसता स्टार्च, प्रथिनं नावालाही नाहीत. त्याऐवजी वरीचे तांदूळ अर्धी वाटी, त्यावर दाण्याची दाट आमटी आणि वाटीभर दही. "दाण्याची आमटी त्यांनाही आवडते," त्या म्हणाल्या.