मेंदूच्या वार्धक्यावर संशोधन सुरू करताना

बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातून पीएच.डी. करून तुम्ही मेंदूच्या वार्धक्याच्या रेण्वीय जीवशास्त्राकडे वळत आहात, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र पोस्टडॉकसाठी (पीएच.डी.नंतरच्या मुदतीच्या संशोधक नेमणुकीसाठी) प्रयोगशाळा निवडताना, मार्गदर्शकाची कीर्ती पाहण्याआधी, तिथे म्हातारे उंदीर आजच उपलब्ध आहेत का, हे विचारा. सी५७बीएल/६ या प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या जातीचा उंदीर साधारण १८ ते २४ महिन्यांचा झाल्यावर वृद्ध मानला जातो, आणि दोन-तीन वर्षांच्या नेमणुकीत तो वाढवत बसल्यास मुदतीचा मोठा भाग त्यातच जातो. तुलनेला ३ महिन्यांहून लहान उंदीर घेऊ नका. त्यांची वाढ पुरती झालेली नसते, त्यामुळे दिसलेला फरक वार्धक्याचा की वाढीचा, हे ठरवता येत नाही.

वृद्ध चेतापेशींत लिपोफ्युसिन हे पेशीतल्या टाकाऊ पदार्थांचे रंगद्रव्य साचते आणि ते स्वतःच प्रकाशमान होते. म्हणून प्रतिपिंड (हवे ते प्रथिन चमकवून दाखवण्यासाठी लावतात ते रेणू) न लावलेला ऊतीचा पातळ छेद शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय सूक्ष्मदर्शकाखालच्या कोणत्याही चमकेवर विश्वास ठेवू नका. ही सवय मला सर्वांत मोलाची वाटते. सुदान ब्लॅक बी या रंगद्रव्याने ती चमक बरीच दबते, पण खरा संकेतही थोडा मंदावतो. मानवी ऊती वापरणार असाल, तर मृत्यूनंतर किती तासांनी मेंदू जतन केला, याची नोंद प्रत्येक नमुन्यासोबत मागून घ्या.