पीएचडीला नाव घालण्याआधी

ठाण्यातच राहून मानसशास्त्रात पीएचडी करायची म्हणतेस, मनापासून आनंद झाला. पण ही पदवी म्हणजे उपचार करण्याचा परवाना नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रमच करावा लागतो.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान ३ वर्षं धर. कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचे वर्ग आणि परीक्षा, होऊन जातं, त्याचं दडपण नको.

खरं शिक्षण मोजमापात आहे, म्हणजे चिंतेसारखी मनातली गोष्ट प्रश्नावलीने नीट मोजण्यात. परदेशी विद्यार्थ्यांवर बेतलेली चिंतेची प्रश्नावली कळव्याच्या चाळीतल्या घरकाम करणाऱ्या बाईंना जशीच्या तशी देऊ नकोस. आधी चार-पाच जणींशी निवांत बोल, प्रश्न त्यांना कसा कळतो ते ऐक, मग थोड्या जणींवर पूर्वचाचणी घे, विश्वसनीयता (उत्तरं सातत्याने तशीच येतात का) आणि वैधता (जे मोजायचं तेच मोजलं जातं का) तपास. कुणी कितीही घाई केली तरी हा टप्पा गाळू नकोस. माझ्या मते संशोधक इथेच घडतो.

आणि मुलाखतीत कुणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं तर काय करायचं, हे संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीकडे जाण्याआधीच लिहून ठेव. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आणि ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा पत्ता संमतीपत्रावरच छाप.