नव्या शहरात स्थानिक रेडिओ ऐकून काही फायदा होतो का?

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी नव्या शहरात आलोय, ओळखीचं कुणी नाही, तर स्थानिक रेडिओ ऐकून शहर आपलंसं होईल का आणि सुरुवात कुठून करू. होईल. पण आधी एक खराखुरा रेडिओ विकत घ्या. मोबाइलवरचं अ‍ॅप नको.

यावरून माझा आणि दादाचा कित्येक वर्षांचा वाद आहे. "सगळं मोबाइलमध्ये आहे, ते डबडं कशाला बाळगतेस?" हे त्याचं पालुपद. पहिले दोन महिने मी त्याचंच ऐकलं. कामावरून खोलीवर आले की अ‍ॅप लावायचे. ७ वाजता एक कार्यक्रम असायचा. निवेदिका शहरातल्या एखाद्या जागेची खूण सांगायची आणि जो आधी फोन करून जागा ओळखेल त्याच्या पसंतीचं गाणं लागायचं. मी रोज फोन लावायचे. रोज लाइन व्यस्त.

एका संध्याकाळी वीज गेली, पंखा थांबला आणि भिंतीपलीकडून तिचाच आवाज आला. शेजारचे आजोबा रेडिओ ऐकत होते. तिकडे जिंकलेला माणूस गाण्याची फर्माईश करत होता आणि माझ्या मोबाइलवर निवेदिका अजून खूणच सांगत होती! घड्याळ लावून मोजलं, तब्बल ४० सेकंद. इंटरनेटवर आवाजाचे तुकडे करून पाठवतात, ते आधी साठतात आणि मग वाजतात, म्हणून अ‍ॅप मागे पडतं. म्हणजे दोन महिने मी बंद दारावर थापा मारत होते. त्याचा राग मला अजून आहे.

दुसऱ्या दिवशी आजोबांकडे गेले. त्यांनी आपला जुना संच माझ्या हातात दिला आणि शिकवायला बसले. एफएमची लहर सुमारे ३ मीटरची, तिच्या पाव लांबीची म्हणजे ७५ सेंटिमीटरची एरियल पुरते. ही लहर जवळपास सरळ रेषेत येते, स्लॅबमधल्या सळया तिला अडवतात, म्हणून संच खिडकीत ठेवायचा. मीडियम वेव्हला, म्हणजे रेडिओवरच्या लांब लहरींच्या जुन्या पट्ट्याला, मात्र ती बाहेरची एरियल ओढून काही होत नाही. तिची एरियल संचाच्या पोटात असते, त्यामुळे अख्खा संच फिरवायचा आणि चार्जर, एलईडी दिवा लांब ठेवायचा, नाहीतर नुसती खरखर. रात्री वातावरणातला लहरी शोषणारा थर विरतो आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रं लागतात. ते ऐकण्यासाठी मी कितीदा जागले आहे.

शहर मला कळलं ते वाहतुकीच्या बातम्यांमुळे. 'जुन्या टाकीपाशी कोंडी' असं रोज सांगायचे, नकाशात ती टाकी कुठेच नाही. बसच्या कंडक्टरला विचारलं, तर टाकी कधीच पाडलेली, नाव तेवढं राहिलेलं. मग अशी नावं वहीत लिहायला लागले आणि दर रविवारी एका नावाला बसने जाऊन उतरायचे. पुढे एकदा खूण आली: नावात पाणी, जागेवर थेंब नाही. पहिल्याच झटक्यात फोन लागला. मी "जुनी टाकी" म्हटलं आणि आजोबांनी पलीकडून भिंतीवर दोनदा टकटक केली.

कोणतं केंद्र ऐकायचं? तासभर लावून बघा. तेवढ्या वेळात शहरातल्या एकाही चौकाचं, रस्त्याचं नाव आलं नाही तर ते केंद्र स्थानिक नव्हेच, दुसरीकडून कार्यक्रम आणून वाजवतात. बदला. विद्यापीठाचं किंवा वस्तीचं सामुदायिक रेडिओ केंद्र असेल तर आधी ते शोधा. त्याचा पल्ला थोडा असतो, पण बोलणारी माणसं आसपासचीच असतात.

आता हेही सांगायला हवं की घर टेकडीआड असेल तर एफएम नीट लागणार नाही, तेव्हा नाइलाजाने अ‍ॅपच लावा. आणि आपल्या गावचं केंद्र लांबून ऐकायला मिळतं ते अ‍ॅपमुळेच, दादाचं एवढं मी मान्य करते. पण ८ वर्षं एका शहरात काढून तो अजून घराजवळच्या चौकाचं नाव नकाशात बघून सांगतो.