स्लॅपस्टिक: आदळआपट की धडपड?

प्रश्न असा आला आहे: जुन्या कार्टूनपटांवर मराठीत लेख लिहायचा आहे. टॉम आणि जेरी, रोड रनर हा सुसाट पळणारा पक्षी, यांच्या विनोदाला इंग्रजीत ‘स्लॅपस्टिक’ म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावं? एकाने ‘अंगविक्षेपी विनोद’ सुचवला, दुसऱ्याने ‘थिल्लर विनोद’. शेवटी एक उपप्रश्नही आहे, रोड रनरच्या ‘बीप बीप’चं काय करायचं.

‘थिल्लर’ आधी बाजूला ठेवू. जुन्या मराठीत थिल्लर म्हणजे डबकं, उथळ पाणी. तिथून तो शब्द उथळ माणसावर आणि उथळ बोलण्यावर आला. म्हणजे तो विनोदाचा प्रकार सांगत नाही, आपलं नाक मुरडणं सांगतो. १९४७ च्या ‘द कॅट कॉन्सर्टो’मध्ये टॉम कोटबिट घालून भर मैफिलीत संगीतकार लिस्ट यांची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवतो. पियानोत झोपलेल्या जेरीची झोपमोड होते आणि थोड्या वेळाने पट्ट्यांच्या जागी उंदराचा सापळा येतो. बोट बरोब्बर त्यात सापडतं, आणि तरी वाजवणं चालूच. या फिल्मला ऑस्कर मिळालं. हॅना आणि बार्बेरा या जोडीच्या टॉम-जेरीला अशी एकूण सात मिळाली. हे थिल्लर असेल तर थिल्लरपणा बराच अवघड आहे म्हणायचा.

‘अंगविक्षेपी’ शब्दाला समितीच्या बैठकीतल्या चहाचा वास येतो. पण खरी अडचण अर्थाची आहे. अंगविक्षेप माणूस स्वतः करतो: हातवारे, वेडीवाकडी तोंडं, चालीची नक्कल. टॉम तसलं फारसं करत नाही. तो साळसूदपणे निघालेला असतो आणि इस्त्री, दार, दाताळं, झालंच तर आख्खा पियानो त्याच्या अंगावर येतो.

मूळ शब्दात काय आहे तेही पाहू. इटलीतल्या ‘कोमेदिया देल्लार्ते’ या लोकनाट्यात आर्लेकिनो नावाचा विदूषक हातात एक काठी बाळगायचा: दोन चपट्या फळ्या, एका टोकाला जोडलेल्या. मारली की फळीवर फळी आपटून फाडकन आवाज येई, पण समोरच्याला लागत काहीच नसे. आपल्या चिपळ्यांची लांबट, दांडगट बहीण समजा. पुढे इंग्रजीत त्या काठीचं नाव साऱ्या प्रकाराला चिकटलं. तेव्हा या विनोदाचं मर्म मारण्यात नाही. आवाज मोठा आणि दुखापत शून्य, ही त्याची गंमत आहे. टॉमची किंकाळी विल्यम हॅना स्वतः देत असत. ती ऐकली की आपण कळवळत नाही, हसतो.

आवाजाच्या बाबतीत मराठी भलतीच श्रीमंत आहे. वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनांसाठी ट्रेग ब्राउन यांनी आवाजांचा मोठा साठा जमवला होता. आपला साठा ‘-कन’ प्रत्ययात आहे. मऊ, जड वस्तू पडली तर धपकन, टणक वस्तू टणक जागी पडली तर दाणकन, दार धाडकन, थोबाडीत फाडकन, केळीच्या सालीवरून सर्रकन, उडी टुणकन. माझी आजी दुपारी नातवंडांबरोबर टॉम-जेरी बघायला बसायची. रोलरखालून टॉम चपटा होऊन निघाला की म्हणायची, “पापड लाटला गं मेल्याचा!” आणि लगेच, “उठेल आता. उठतो तो.” स्लॅपस्टिकची याहून नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

आता शब्द. टॉम आणि जेरीसाठी माझी पसंती ‘आदळआपट’. कुणी म्हणेल, आदळआपट तर रागावलेल्या माणसाची, स्वयंपाकघरातल्या भांड्यांची. तो वास आहे खरा. पण क्रियापदं बघा. ‘त्याने भांडं आदळलं’ आणि ‘तो भिंतीवर आदळला’, ‘तिने दार आपटलं’ आणि ‘ती जिन्यात आपटली’. आपटणारा आणि आपटला जाणारा, दोघांना एकच धातू पुरतो. टॉमच्या आयुष्याचं व्याकरण नेमकं हेच आहे. हातोडा उगारतो तो कर्ता म्हणून, आणि वाक्य संपेपर्यंत त्याच हातोड्याखाली असतो. ‘मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो’ ही आपली म्हण. इथे ती उलटी करून घ्यायची. फक्त जीव कुणाचाच जात नाही.

रोड रनरच्या मागे लागलेल्या कोयोटला (अमेरिकेतला कुत्र्याच्या कुळातला रानटी प्राणी) मात्र आदळआपट पुरत नाही. त्याचा शब्द ‘धडपड’. ‘धडपडला’ म्हणजे ठेच लागून पडला, आणि ‘धडपड करतो’ म्हणजे चिकाटीने प्रयत्न करतो. पडणं आणि झटणं एकाच शब्दात. दिग्दर्शक चक जोन्स आणि लेखक मायकेल माल्टीज यांनी १९४९ साली ‘फास्ट अँड फरी-अस’मध्ये हा प्राणी आणला, तेव्हापासून त्याने या दोन अर्थांत फट पडू दिलेली नाही. त्याच फिल्ममध्ये तो कड्यावर बोगद्याचं चित्र रंगवतो. पक्षी त्या चित्रातून सुसाट आरपार जातो. कोयोट मागोमाग धावतो आणि दाणकन कातळावर. कड्यावरून पुढे हवेत गेला तर खाली बघेपर्यंत पडत नाही. ‘पायाखालची जमीन सरकली’ हे आपण बोलण्यापुरतं म्हणतो, त्याची ती खरोखर सरकलेली असते. ‘ढुंगणाला पाय लावून पळणं’ किंवा ‘भुईसपाट होणं’ यांची चित्रं काढायची तर त्याचीच काढावी लागतील. एक फरक मात्र लक्षात ठेवा: डोक्यावर टोला बसला की इंग्रजी प्राण्याला तारे दिसतात, आपल्याला काजवे. भाषांतरात तारे मोजत बसू नका.

कोयोटला काय म्हणायचं? बरेच जण ‘लांडगा’ लिहितात. कुळ एकच, पण अंगकाठीने आणि आपल्या मनातल्या प्रतिमेने तो ‘कोल्ह्या’च्या जवळचा आहे. कोल्हा म्हटलं तर एक गंमतही हाती लागते: ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’. हा कोल्हा ते कधीच म्हणत नाही. रॉकेट लावतो, स्प्रिंग लावतो, ‘अ‍ॅक्मी’ या कार्टूनमधल्या कंपनीचं पुढचं खोकं मागवतो. (खऱ्या वाळवंटात त्याला एवढा खटाटोप करावाच लागला नसता. खरा रोडरनर ताशी ३० किलोमीटरच्या आसपास पळतो आणि खरा कोयोट त्याच्या जवळपास दुप्पट. आणि हा पक्षी कोकिळेच्या कुळातला, म्हणजे आपल्या अंगणात ऐटीत चालणाऱ्या भारद्वाजाचा लांबचा भाऊ.)

‘फजिती’ही कुणी सुचवेल. हा शब्द अरबीतून आलेला, मुळात बेअब्रू या अर्थाचा, आणि बेअब्रूला बघणारा लागतो. जंगलात एकटे घसरलात तर ती फजिती नव्हे. कोयोट पडण्याआधी क्षणभर थेट आपल्याकडे बघतो, त्या क्षणी त्याची फजिती होते. त्यामुळे या विनोदाच्या परिणामाला फजिती म्हणा, प्रकाराला नको.

लेखात पहिल्यांदा ‘स्लॅपस्टिक’ देवनागरीत सरळ लिहा. वाचकांना तो माहीत आहे, लपवायचं काही कारण नाही. त्यापुढे टॉम-जेरीसाठी ‘आदळआपटीचा विनोद’ आणि कोयोटसाठी ‘धडपडीचा विनोद’ असं लिहीत जा. दोन शब्द झाले म्हणून बिघडत नाही, कारण विनोदही दोन आहेत. एकात दोघं एकमेकांना धोपटतात. दुसऱ्यात पक्षी फारसं काही करतच नाही, जे होतं ते कोल्ह्याच्या स्वतःच्या करामतींनी.

राहिलं ‘बीप बीप’. ते तसंच ठेवा. हा आवाज पॉल ज्युलियन यांचा, आणि ते नट नव्हते, त्याच स्टुडिओत पार्श्वभूमीची चित्रं रंगवायचे. मोठी चित्रं हातात धरून बोळातून जाताना समोरचं दिसायचं नाही, म्हणून लोकांनी वाट द्यावी यासाठी ते तोंडाने असा आवाज काढत. म्हणजे अर्थाने तो आपल्या हमालांच्या ‘ओ, बाजूऽऽ बाजू!’चाच भाऊ. पण रोड रनरच्या तोंडी ‘बाजू’ घातलंत तर कोल्हा खरंच बाजूला होईल, आणि मग बघायचं काय?