मुंबई-पुणे सोडून जायचंय, पण कुठे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दोघं, वय ६१ आणि ५८. डोंबिवलीचं घर विकून राज्यातच एखाद्या शांत गावी राहायला जायचं म्हणतो. नाशिक, सातारा, सांगली आणि रत्नागिरी अशी चार नावं काढली आहेत. यजमानांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. चारही गावांत नातेवाईक असल्यामुळे जो तो आपल्याच गावाचे गोडवे गातो. निवड कशी करावी?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : डिसेंबरात महाराष्ट्रातलं कुठलंही गाव राहण्याजोगं वाटतं. खरी परीक्षा मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटी. या दोन्ही वेळी चार-चार दिवस जाऊन या, आणि नातेवाइकांकडे उतरू नका. त्यांच्या घरी टाकी भरलेली असते. ती कशी भरली हे पाहुण्याला कोणी सांगत नाही. ज्या भागात घर घ्यायचं, तिथेच खोली घेऊन राहा.

मेमध्ये फक्त पाणी बघा. ‘पाणी येतं का?’ असं विचारलं तर ‘येतं की!’ एवढंच उत्तर मिळेल. किती दिवसांआड येतं, किती वेळ येतं आणि मागच्या उन्हाळ्यात टँकर किती आले, हे विचारा. मग हिशेब मांडा. शहरी पाणीपुरवठ्याचं माप माणशी रोज १३५ लिटर असं धरतात. बारा फ्लॅट, सरासरी तीन माणसं म्हणजे दिवसाला ४,८६० लिटर. पाणी चार दिवसांनी येत असेल, तर जमिनीखालची टाकी निदान २०,००० लिटरची हवी. ती १०,००० ची निघाली, तर बिल्डिंग टँकरवर चालते असं खुशाल समजा. सोसायटीच्या चिटणिसांकडे मागच्या एप्रिल-मेचा खर्चाचा हिशेब मागा. टँकरची बिलं दडवता येत नाहीत.

पाऊस भरपूर म्हणजे पाणी भरपूर, असं मात्र नाही. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी मेमध्ये विहिरी तळ गाठतात, कारण जांभ्यात पाणी ठरत नाही. जुलैत तिथे कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते आणि लोखंडी ग्रिलला दर दोन-तीन वर्षांनी रंग द्यावा लागतो. दम्याचा त्रास असेल तर हे आधी डॉक्टरांना विचारा.

तुमच्या बाबतीत खरा निर्णय हॉस्पिटलवर ठरेल. हार्ट अॅटॅकचा रुग्ण पोचल्यापासून ९० मिनिटांत बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली जावी, असा वैद्यकीय संकेत आहे. म्हणून ‘गावात हार्टचं हॉस्पिटल आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. फोन करून विचारा : रात्री दोन वाजता कॅथलॅब (अँजिओप्लास्टी जिथे करतात ती खोली) चालू होते का? कार्डिओलॉजिस्ट गावातच राहतात की आठवड्यातून दोनदा पुण्याहून येतात? तुमच्या मेडिक्लेमची कॅशलेस सोय तिथे आहे का? पाटी तीच असली, तरी या तीन प्रश्नांवर हॉस्पिटलं वेगळी पडतात.

या निकषावर रत्नागिरी शेवटी जाते. गुंतागुंतीच्या उपचारासाठी आंबा घाटातून कोल्हापूर गाठायचं, आणि पावसाळ्यात दरड आली की तोही रस्ता बंद. सांगलीला मिरज जवळ असणं ही मोठी जमेची बाजू. मिरजेचं नाव शंभराहून अधिक वर्षं दवाखान्यांसाठीच घेतलं जातं. नाशिकही या बाबतीत सक्षम आहे. मात्र २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या काळात सामान हलवण्याचा घाट घालू नका. रस्ते खोदलेले, गर्दी आणि चढी भाडी हे सगळं एकदम अंगावर येईल. सातारा हवेने चारांत उजवा, पण वरचे तीन प्रश्न तिथे जास्त नेटाने विचारावे लागतील. आमचा कौल नाशिक किंवा सांगली-मिरज, पण पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय सांगलीत टोकन देऊ नका.

डोंबिवलीचं घर लगेच विकू नका. ते भाड्याने द्या आणि नव्या गावी अकरा महिने भाड्याने राहा. विकल्यानंतरही घाई नसते : दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा कर वाचवायला विक्रीपासून दोन वर्षांत तयार घर घेता येतं, बांधायचं असेल तर तीन वर्षं मिळतात. मात्र तोवर न वापरलेली रक्कम विवरणपत्राच्या मुदतीआधी बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावी लागते. इथेच अनेक जण चुकतात. पैसे साध्या एफडीत पडून राहतात आणि सवलत हातची जाते.

प्रश्न : सांगलीत नदीपासून थोड्या अंतरावर दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बराच स्वस्त मिळतोय. एजंट म्हणतो, २०१९ चा पूर अपवाद होता. घ्यावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : २००५, २०१९, २०२१. एवढे अपवाद झाले की त्याला नियमच म्हणायला हवं.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा एजंटला असं विचारा : ‘आयर्विनला किती फूट झाले की या गल्लीत पाणी येतं?’ तिथला प्रत्येक जुना रहिवासी हा आकडा झोपेतसुद्धा सांगतो. एजंटने सांगितला नाही, तर कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा. कंपाउंडच्या भिंतीवरची पाण्याची रेघही बघा. ती नुकतीच रंगवून टाकली असेल, तर तेही उत्तरच आहे.

कागदावर बघायच्या त्या पाटबंधारे खात्याच्या पूररेषा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी. महापालिकेच्या नगररचना विभागात गट किंवा सिटी सर्व्हे नंबर देऊन प्लॉट कुठे येतो याची लेखी नोंद मागा. तोंडी ‘काही प्रॉब्लेम नाही’ला किंमत नाही.

दुसरा मजला आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. घरात पाणी आलं नाही, तरी खाली मीटर बुडतात, लिफ्टचा खड्डा भरतो आणि जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी शिरतं. वीज, लिफ्ट आणि नळ एकदमच जातात, आणि दूध-औषधं बोटीतून येतात. मीटरचे बॉक्स पार्किंगमध्ये कमरेएवढ्या उंचीवर आहेत की जिन्याच्या वरच्या टप्प्यावर, हे बघितलंत तरी सोसायटी पुरातून काय शिकली ते कळेल. घ्यायचाच ठरला, तर घराचा विमा काढा. ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पुराचं संरक्षण असतं. तरी आमचं मत विचाराल तर, चिपळूण असो, कोल्हापूर असो की सांगली, लाल रेषेच्या आतलं घर स्वस्तातही महाग पडतं.

प्रश्न : दापोलीजवळ पाच गुंठ्यांचा प्लॉट घेऊन घर बांधायचं आहे. आमच्या नावावर शेती नाही. विकणारा म्हणतो, सातबाऱ्यावर नाव लागेल.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : शेतजमीन असेल, तर १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. कोणी ‘शेतकरी दाखला जमवून देतो’ म्हणाला, तर तिथेच व्यवहार थांबवा. असली जमीन पुढे सरकारजमा होऊ शकते.

बिनशेती म्हणून विकत असतील, तर बिनशेतीचा आदेश आणि मंजूर लेआउट दोन्ही मागा. लेआउटच्या नकाशात तुमच्या प्लॉटचा नंबर आणि त्याला लागून रस्ता दिसला पाहिजे. एकाच गटात दहा-पंधरा नावं असलेला सामाईक सातबारा घेऊ नका. नाव लागतं, पण तुमचे पाच गुंठे (५,४४५ चौरस फूट) नेमके कुठे, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग बांधकाम परवानगीही अडते आणि कर्जही. महाभूमीवरून डिजिटल सहीचा सातबारा काढा, ‘इतर हक्क’ रकाना आणि भोगवटादाराचा वर्ग वाचा. वर्ग २ असेल तर विक्रीला सरकारी परवानगी लागते. समुद्राजवळ असेल तर सीआरझेडही (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध) तपासा.

प्रश्न : दोघंही घरून काम करतो. मुलगी सीबीएसईच्या आठवीत आहे. कधी हलावं?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : याच एप्रिल-मेमध्ये. सीबीएसईची बोर्डाची नोंदणी नववीत होते आणि थेट दहावीत प्रवेश अपवादानेच मिळतो. यंदा जमलं नाही, तर दहावी होईपर्यंत थांबा. नव्या शाळेत जागा नक्की झाल्यावरच जुन्या शाळेतून दाखला काढा.

इंटरनेटसाठी एका कंपनीची फायबर आणि दुसऱ्याचं मोबाइल नेटवर्क ठेवा. दोन फायबर एकाच खांबावरून येत असतील, तर फांदी पडल्यावर दोन्ही एकदमच जातात. महावितरणचा देखभालीचा वार कोणता ते विचारून घ्या. त्या दिवशी महत्त्वाच्या मीटिंगा ठेवू नका. लॅपटॉप चार्ज असतो, बंद पडतो तो राउटर. त्याला छोटा डीसी यूपीएस लावा.

प्रश्न : जिल्हा बदलल्यावर कोणती कागदपत्रं बदलावी लागतात?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : राज्य तेच, त्यामुळे अधिवास आणि जातीचे दाखले तसेच राहतात. गाडीचा नंबरही बदलत नाही; आरसीवरचा पत्ता बदलण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करा. मतदार यादीसाठी फॉर्म ८. सुरुवात भाडेकरारापासून करा, कारण आधारवरचा पत्ता त्यावर बदलतो आणि बाकीचं आधारवर. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही, तर अटींबाबत वाद झाल्यास भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, हे भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ मालकाला दाखवलंत की तो स्वतःहून तयार होईल. बँकेचा लॉकर मात्र नव्या गावी मिळाल्याशिवाय जुना सोडू नका. लहान गावांत त्याला प्रतीक्षा यादी असते.