भरतीचं मैदान आणि कपाटातला रिपोर्ट

प्रश्न : माझा मुलगा २१ वर्षांचा आहे. बीए झाला, आता पोलीस भरतीची तयारी करतोय. यजमानांना ३८व्या वर्षी पेसमेकर बसवला होता. गेल्या वर्षी तो बदलून शॉक देणारं यंत्र बसवलं. तेव्हा केलेल्या तपासणीत एलएमएनए नावाच्या जनुकात दोष निघाला. मुलालाही तपासून घ्या, असं डॉक्टर म्हणाले; पण रिपोर्ट मी कपाटात ठेवून दिलाय. त्याला कळलं तर त्याचं स्वप्न मोडेल. तो पळून आला की मी त्याच्या छातीकडे बघत बसते. काय करू?
– एक आई, तासगाव

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. रिपोर्ट मुलाला दाखवा, आणि तो पुन्हा मैदानावर जायच्या आत दाखवा. तो सज्ञान आहे. त्या कागदावर जे लिहिलंय ते त्याच्याही शरीराबद्दल असू शकतं. तपासणी करायची की नाही, हे त्यानंच ठरवायचं. पण त्यासाठी आधी त्याला कळायला तर हवं.

या जनुकापासून लॅमिन नावाची प्रथिनं तयार होतात. गोधडीला आतून अस्तर असतं, तसं पेशीच्या केंद्रकाला आतून या लॅमिनचं अस्तर असतं. हृदय दिवसरात्र आकुंचन पावतं, त्याचा ताण या अस्तरावरही येतो. अस्तर कच्चं असेल तर बहुतेकदा आधी हृदयातल्या विजेच्या वाटा बिघडतात, ठोके अडखळतात आणि पुढे हृदय फुगून कमजोर होतं. तुमच्या यजमानांचं यंत्र बदललं ते यासाठीच. पेसमेकर मंद ठोके सांभाळतो, पण जीवघेणी लय तोडायला शॉक लागतो.

तुम्ही हे नाव मोबाइलवर शोधलं असणार, आणि अकाली म्हातारी दिसणारी लहान मुलं पाहून हादरला असणार. तो प्रोजेरिया. त्याचं मूळ याच जनुकात आहे हे २००३ मध्ये कळलं, पण तो बदल वेगळा आणि जवळजवळ नेहमी मुलात नव्यानंच झालेला असतो. तुमच्या घरातला आजार तो नाही. एकाच जनुकातल्या वेगवेगळ्या बदलांनी कुणाचे स्नायू जातात, कुणाच्या हातापायांवरची चरबी झडते, कुणाचं हृदय बिघडतं.

हृदयाच्या या प्रकारात वडिलांकडून मुलाला दोष येण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणजे तो आलेला नसण्याची शक्यताही तेवढीच, आणि ती तुम्ही मनातून पुसूनच टाकलीये. मात्र आज ईसीजी, इको चांगले आले म्हणून निश्चिंत होऊ नका. २१व्या वर्षी ते चांगले येऊ शकतात आणि बिघाड तिशीत दिसू शकतो. भरतीच्या वैद्यकीय तपासणीवरही विसंबू नका. खरं उत्तर जनुकीय चाचणीच देईल. वडिलांमधला बदल माहीत असल्यामुळे मुलाच्या रक्तात तेवढी एकच जागा पाहायची असते. फक्त वडिलांच्या रिपोर्टमध्ये तो बदल 'रोगकारक' लिहिलाय की 'अनिश्चित अर्थाचा', हे आधी पाहा. अनिश्चित असेल तर मुलाच्या चाचणीवरून काहीच ठरवता येणार नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत जनुकीय समुपदेशक असतात, ते हे समजावून देतात.

आता भरतीचं. चाचणीत दोष नाही निघाला, तर त्यानं मनसोक्त पळावं. निघाला, तर दमवणारा व्यायाम आणि स्पर्धेची धाव टाळायला सांगतात, कारण सतत जोराच्या व्यायामानं हा आजार बळावतो. मग १६०० मीटर घड्याळ लावून पळणं आणि पुढची बंदोबस्ताची नोकरी, दोन्ही त्याच्यासाठी नाहीत. निकाल येईपर्यंतही वेळ लावून धावणं थांबवावं.

पण त्याचा अभ्यास वाया जात नाही, ताई. अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, चालू घडामोडी याच विषयांवर तलाठी आणि एमपीएससीच्या लिपिक, कर सहायक या परीक्षांचा मोठा भाग उभा आहे. पदवी आहे, म्हणजे सहायक कक्ष अधिकारी आणि राज्य कर निरीक्षकही खुले आहेत. या पदांना मैदानी चाचणी नाही. त्याच गटातलं पीएसआय मात्र सोडावं लागेल. खाकीचीच ओढ असेल तर पोलीस अधीक्षक कार्यालयातही बिनगणवेशाचे लिपिक असतात. त्याला वाईट वाटेल, चिडेलही. वाटू द्या. 'बरं झालं, धोक्याची नोकरी टळली' असं त्याच्यासमोर कुणी बोलू नका.

हे त्याला तुम्ही एकट्यानं सांगू नका, यजमानांना बोलू द्या. यंत्र त्यांच्या छातीत आहे; मुलगा त्यांना जे विचारेल ते तुम्हाला विचारणार नाही. डॉक्टरांकडे जाताना डिस्चार्ज कार्डाबरोबर जनुकीय रिपोर्टची पूर्ण प्रत न्या, कारण बदलाचं नेमकं नाव त्यातच असतं. आणि यजमानांना सख्खी भावंडं असतील तर एकेक झेरॉक्स त्यांच्या घरीही पोचवा.